आईच्या हनुवटीवरचं गोंदण

अमरावती, मंगळवार संध्याकाळ

अकोल्याहून बंडूनं, माझ्या धाकट्या भावानं, आज आईचा फोटो पाठवला. तिचा हा एकच फोटो. बजावलं होतं, जठारपेठेतल्या स्टुडिओतून फक्त स्कॅन करून घे, भेगा मी बुजवते. मूळ चित्राला हात लावायचा नसतो, दुरुस्ती कॉम्प्युटरवर त्याच्यावर ठेवलेल्या वेगळ्या पारदर्शक थरावर करायची. निवृत्तीनंतर फोटो-दुरुस्तीचा क्लास लावून एवढं तरी शिकले आहे.

आणि आलं काय? एक गोरीपान, गुळगुळीत बाई! हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपकाच गायब. स्टुडिओवाल्याला फोन केला, तर म्हणे, "डाग होता मॅडम, साफ केला." डाग! आधीची फाइल? तिच्यावरच नवी सेव्ह केली, सगळे थर एक करून.

निदान कागदाचा फोटो तरी दे, म्हटलं बंडूला.

"तो तं कौंडण्यपूरले नदीत शिरवला ना ताई. नवा आल्यावर फाटका घरात कायले ठेवाचा? पाह्य ना, माय कशी गोरी दिसून राहिली!"

मूर्ख. पण हात जोडूनच विसर्जन केलं असणार, आता त्याला बोलू तरी काय?

तेव्हापासून कॉम्प्युटरसमोर आहे. नव्या थरावर हिरवा ठिपका दिला, डावीकडे. दुसऱ्या थरावर उजवीकडे. एक लपवते, दुसरा दाखवते, आणि दोन्ही खरे वाटतात. पोटच्या पोरीला बाजू आठवू नये?

शेवटी बंडूलाच विचारलं, गोंदण कुठल्या बाजूला होतं रे?

"ताई, तू मोठी. तुलेच माहीत असन ना."