इथे कोणी कुणाला विचारत नाही

३ जून
आलो बाई एकदाचे! सतरावा मजला, खिडकीतून नुसतं माळरान आणि शेजारी असून नसल्यासारखे. जुन्या गल्लीतली ती चौकशीकाकू (नाव आम्हीच ठेवलेलं) पिशवीत डोकावायची. नवऱ्याच्या पगारापासून माझ्या वजनापर्यंत सगळ्यावर तिचा हक्क! घर बघताना नवरा म्हणत होता, हवा छान, पाणी चोवीस तास. मी म्हटलं, ते राहू दे, इथे कोणी नाक खुपसत नाही ना? मग झालं तर. चिमणीला, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या लेकीला, पहिला नियम पढवला: ओळख नसलेल्यांना दार उघडायचं नाही.

९ जून
लिफ्टमध्ये इथे सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. आधी हसूच फुटलं. आता मीही राहते. किती बरं वाटतं म्हणून सांगू! चौकशीकाकूचा नंबर काढून टाकला. तिचं खरं नाव काही केल्या आठवेना. बरंच झालं, पीडा गेली.

१४ जून
दुपारी समोरच्या आजी स्वतःच्याच घराची बेल वाजवत होत्या. सून साखळी काढेना, कोण आपण म्हणत होती. आजींनी माझा हात धरला, मी इथेच राहते एवढं हिला सांगा म्हणाल्या. रोज लिफ्टमध्ये असतात, पाहिलंय मी त्यांना. पण लोकांच्या भानगडीत आपण कशाला पडा? आपली ओळख नाही म्हटलं, हात सोडवला आणि दार लावून घेतलं.

१५ जून
आजी कुठेच दिसल्या नाहीत. वॉचमन म्हणाला, समोर पहिल्यापासून दोघंच राहतात, नवरा-बायको. कुठल्या आजी?

१८ जून
नवऱ्याला म्हटलं, परत जाऊ. वेड लागलंय का, म्हणाला. संध्याकाळी लिफ्टमध्ये तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. हाक मारली, वळला नाही. बाहेर पडताना विचारतो, आपण कितव्या मजल्यावर? थट्टा करतोय मेला. थट्टाच असणार.

२० जून
जेवताना चिमणी मला काकू म्हणाली. मी रडायला लागले. नवरा तिला हळूच म्हणाला, पाहुण्यांकडे असं टक लावून बघू नये.

२१ जून
दूध आणायला उतरले होते. परत आले तर किल्ली चालेना — बेल वाजवली. नवऱ्यानं फटीतून पाहिलं, कोण हवंय विचारलं. मी ओरडले. त्यानं दार लावलं. समोरची सून बाहेर आली, तिचा हात धरला. तिनं सोडवला —

वही पिशवीत होती म्हणून बरं. दारातच बसलेय. लिहिलं तर विसरणार नाही.

दाराआड चिमणी आहे. पावलं ओळखते मी तिची. उघड गं राणी, म्हटलं. ती म्हणाली, आईनं सांगितलंय, ओळख नसलेल्यांना दार उघडायचं नाही.

अगं, मीच ती —

मग माझं नाव सांगा, म्हणाली.

चिमणी. नाही, ते लाडाचं. खरं नाव. मीच हट्टानं ठेवलेलं, नवऱ्याशी भांडून —

ती थांबलीय. वाट बघतेय. सांगते हं बाळा, सांगते, जाऊ नकोस, तुझं नाव