फाशीचा हलता देखावा

प्रिय सुहास,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहितोय. मी सातवीच्या पुढे गेलो नाय, तू शाळेत शिकवणारी, तेव्हा लाल पेन बाजूला ठेव आणि वाच. गणपती घेऊन टेम्पो आज रोह्याला येतोय, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. प्रेशरच्या गोळ्या घेतेस ना? मागच्या दाराची कडी नीट बसत नव्हती, ती दुरुस्त केलीस का? भावोजी गेले, किमया गेली, घरात तू एकटी, आणि आता तर सगळा जिल्हा तुझ्यावर खवळलाय. मला झोप लागत नाय गो.

आधी भांडून घेतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. त्या टीव्हीवाल्या मुलीपुढे तू म्हणालीस, त्याला फाशी नको. तो मेला की सगळे समाधानाने घरी जातील आणि आठवत बसायला मी एकटी उरेन, त्यापेक्षा त्यानेही तुरुंगात रोज उठून आठवावं. मी जेवत होतो. ताट सरकवलं. घरचा समजून ज्या रिक्षावाल्याच्या भरवशावर आपली किमया क्लासला पाठवली, त्याने तिला कुंडलिकेच्या काठाला नेऊन मारली. कोर्टाने फाशी सुनावली, आता फक्त हायकोर्टात कायम व्हायची बाकी आहे, आणि नेमकी आईच म्हणते नको? मी फोनवर जे बोललो त्यातलं काही मागे घेत नाय. अशा माणसाला सरकारने वर्षानुवर्षं भात घालायचा आणि आपण तो पचवायचा? कोणी म्हणतं, चुकून निरपराध लटकला तर परत आणता येत नाय. असेल. पण याने तर गुन्हा कबूल केला, जागा दाखवली. इथे चूक कुठली?

पण ऐक. पेणच्या बाजारात रंग आणायला गेलो, तर दुकानदार चार गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "काय महादेवकाका, ताई आता त्याला राखी बांधणार म्हणे?" सगळे हसले. मी रंग न घेता जोह्याला, आपल्या गणपतीच्या कारखान्यात परत आलो. तुझ्यावर चिडायचा हक्क माझा. मी तुला कडेवर घेऊन फिरलोय. त्या दुकानदाराने किमयाला कधी पाहिलं पण नव्हतं.

त्याच आठवड्यात हैबतराव कारखान्यात आले. पेणमधल्या त्या मोठ्या मंडळाचे अध्यक्ष, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात ते. यंदा गणपतीपुढे हलता देखावा करायचा, विषय न्याय. फाशीचा खांब, खाली फळी, बटण दाबलं की मोटरवर फळी खाली जाणार आणि त्या रिक्षावाल्याचा पुतळा लटकणार. चेहरा पेपरातल्या फोटोसारखा पाहिजे. "महादेवा, हे तुझ्याच हातून व्हायला हवं. तू मामा आहेस तिचा." मी हो म्हटलं. आनंदाने म्हटलं, तुला खोटं कशाला सांगू. तुझा भाचा यज्ञेश मध्ये पडला, म्हणाला, "बाबा, गणपतीच्या कारखान्यात हे नको." त्याला मी वाट्टेल ते बोललो. तूही आत्याच्या बाजूचा काय, म्हटलं.

अंग छान झालं. प्लॅस्टर, काथ्या, खाकी शर्ट, सगळं हुबेहूब. डोळे राहिले. आपल्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती मीच करतो, पोरांना हात लावू देत नाय. ठरवलं होतं की असे डोळे काढायचे की माणसं बघून थुंकली पाहिजेत. बसलो ब्रश घेऊन. सुहास, जन्मभर या हाताने गणपतीचेच डोळे काढलेत. पापणी जराशी खाली, नजर समोरच्या माणसावर, पोटात माया. काढून झाल्यावर मागे सरून बघतो तर तेच डोळे! त्याच्या तोंडावर! थिनरने पुसले, परत काढले. परत तेच. भुवया वर ओढल्या, बुबुळं लाल केली, तर जागरण झालेल्या भक्तासारखा दिसायला लागला. यज्ञेश बघून म्हणाला, "बाबा, याला बघून हात जोडावेसे वाटतात." मी ब्रश फेकून दिला. एवढा राग मनात आणि हाताला त्याचा पत्ताच नाय, ह्याचाच मला राग आला.

मूर्ती तशीच मंडळात गेली. काल चाचणी होती, मीही गेलो. त्याला फळीवर उभा केला. एक बाई नकळत नमस्कार करून गेली. हैबतराव वैतागले. "हे काय काढलंस रे? हा तर माझ्याकडेच बघतोय." मग त्यांनीच तोड काढली. काळा कपडा आणा, तोंडावर घाला, खऱ्या फाशीतपण घालतातच. घातला, आणि सगळ्यांना एकदम बरं वाटलं. हसायला लागले, बोलायला लागले. मी आजवर समजत होतो की तो कपडा मरणाऱ्यासाठी असतो.

बटण दाबलं. फळी धाडकन गेली, तो लटकला, टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं, त्या क्षणी छातीवरचा दगड हलेल. कसला हलतो! मागून कोणीतरी ओरडलं, "अजून एकदा घ्या, व्हिडिओ नाय आला." परत फळी वर, परत लटकवला. मग दुसऱ्याचा मोबाईल. मग फळी जोरात पडत नाय म्हणून मोटर बदलली. किती वेळा लटकवला देव जाणे. मी तिथे एका माणसाला मारायची सवय लागताना पाहिली. सोबत लाऊडस्पीकरवर एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज, किमया म्हणून. गोड, रडवेला, सिनेमातल्यासारखा. "मला न्याय द्या, मला न्याय द्या." किमयाचा आवाज घोगरा होता गो! तुझ्यासारखा. ती कुणापुढे असं गयावया करणारी पोर होती का? कारखान्यात येऊन गणपतीच्या उंदरांना मिश्या काढून जायची आणि मी ओरडलो की घोगरं हसायची. मी उठून सांगितलं, हा आवाज बंद करा, तिचा नाय हा. तर एक जण म्हणतो, "काका, इमोशनल नका होऊ, पब्लिकला कळायला पाहिजे." मूर्ती परत मागितली. हैबतराव खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता ती मंडळाची. चाचणी संपली, सगळे वडापाव खाऊन खरोखरच समाधानाने घरी गेले. मी एकटा तिथे उभा.

असं समजू नकोस की मी तुझ्या बाजूला आलो. हायकोर्टाने फाशी कायम केली तर मी रडणार नाय. नाय केली तर चिडेन, तुझ्यावरच चिडेन. त्याला जगायचा हक्क नाय, हे मी अजूनही म्हणतो. फक्त पूर्वी म्हणताना आवाज चढायचा, आता स्वतःलाच ऐकू येतं मी काय म्हणतोय ते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तो देखावा कोण सुरू करणार, ते मंडळाने मला विचारलं नाय, तुलाही नाय. बॅनर छापून आलाय. पहिल्या दिवशी बटण किमयाच्या मातोश्रींच्या हस्ते. तू टीव्हीवर बोललीस ते पुसून काढायचं आहे त्यांना, तेही तुझ्याच बोटाने. रविवारी हैबतराव दहा-पंधरा माणसं, शाल आणि नारळ घेऊन तुझ्याकडे येतायत. गोड बोलतील, किमयाचं नाव घेतील, नाही म्हटलंस तर बाहेर उभे राहून घोषणाही देतील. तू दार उघडू नकोस. मी रविवारी पहिल्या गाडीने येतो आणि त्यांच्या आधी तुझ्या पायरीवर येऊन बसतो. तू मला आत घेतलं नाहीस तरी चालेल. चहासुद्धा नको. पण सुहास, ज्याला कोणाला तुझं बोट त्या बटणावर न्यायचं असेल, त्याला आधी मला ओलांडून जावं लागेल.

तुझ्यावर अजून चिडलेला, तरी तुझाच,
दादा