ताम्हिणीच्या उतारावर

पुनावळे,
२४ जानेवारी

प्रिय ज्ञानेशभाऊजी,

सप्रेम नमस्कार. सोबत तिळगूळ पाठवतेय. तुमच्या बायकोच्या हातून पाठवला असता, पण तो साक्षीनंच खाल्ला असता. गोड बोला असं म्हणायची पद्धत आहे. तुम्ही कडू बोललात तरी चालेल, पण बोला. वर्ष होत आलं, तुमचा आवाज या घरात आला नाही. फोन उचलत नाही, मेसेज केला तर नुसते जोडलेले हात पाठवता. म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं.

इकडे सगळं ठीक आहे. सासूबाईंचे गुडघे थंडीत कुरकुरतात आणि त्या आमच्यावर कुरकुरतात. कुलदीप वॉकर सोडून काठीवर आलाय. कंपनीनं त्याला घरून करण्याजोगं काम दिलं. उरलेला वेळ तो गॅलरीत बसतो आणि समोरच्या टॉवरमध्ये कुणाची कुणाशी भांडणं चाललीत ते मला सांगतो. डावा पाय मात्र अजून त्याचं ऐकत नाही. सायकलचं विचारलं की डॉक्टर दुसराच विषय काढतात, त्यामुळे आम्ही विचारायचं सोडून दिलं.

आता खरी बातमी. हसू नका. मी सायकल चालवते. कुलदीपचीच, सीट पार खाली घेऊन.

त्याला ती विकवत नव्हती आणि भिंतीला टेकलेली बघवतही नव्हती. एकदा म्हणाला, चाकं फिरली नाहीत तर खराब होतात, खाली नेऊन एक चक्कर मारून आण. एक चक्कर म्हणता म्हणता मी देहूला पोचले. पहिले काही दिवस पार्किंगमध्ये इतक्यांदा पडले की वॉचमन माझ्यामागं खुर्ची घेऊन फिरायचा. सासूबाई म्हणाल्या, “बाईमानसानं असं चड्डी घालून रस्त्यानं जायचं व्हय?” आता त्याच सकाळी पाण्याची बाटली भरून ठेवतात. फक्त परत आले की विचारतात, एवढ्या लांब गेलीस तर आणलंस काय? म्हणून येताना हरभऱ्याची जुडी तरी आणावी लागते. रिकाम्या हातानं फिरणं त्यांना पटत नाही.

आमची एक रीतच पडून गेलीय. आदल्या संध्याकाळी कुलदीप मोबाइलच्या नकाशावर बोटानं रस्ता आखतो. दुसऱ्या दिवशी मी त्यावरून सायकल चालवते. आल्यावर अंघोळ करून पलंगाच्या कडेला बसते आणि सगळा रस्ता त्याला सांगते. तो डोळे मिटून ऐकतो. इंद्रायणीच्या पुलावर धुकं इतकं होतं की नदी नव्हतीच, नुसता पाण्याचा आवाज खालून चालला होता, हे सांगितलं. पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या शेजारून जातात, आत पिवळा दिवा आणि काचेला डोकं टेकून झोपलेली माणसं, तेव्हा असं वाटतं की सगळं गाव झोपेतच कामाला निघालंय आणि जागी मी एकटी आहे, हेही सांगितलं. चाकणच्या बाजारात शिरणाऱ्या कांद्याच्या गाड्या, कंपन्यांच्या भिंती, आणि त्या भिंती संपल्या की एकदम मोकळं रान. तिथं ऊन गव्हावरून हळूहळू सरकत येतं. सायकलचा काहीच आवाज होत नाही, मग आपण चालवतोय की रस्ताच आपल्याखालून वाहतोय हे कळेनासं होतं. असं काही मी सांगायला लागले की कुलदीपचा चेहरा सैल पडतो. चढ आला की चादरीखाली त्याचा उजवा पाय हलतो. उतार आला की थांबतो. मी बघते, पण त्याला बोलत नाही.

एकदा कुत्री मागं लागली म्हणून मी अर्ध्यातून परतले आणि पुढचा रस्ता मनानंच रचून सांगितला. एक ओढा, त्यावर फरशी, पलीकडे देऊळ. तो सगळं ऐकून म्हणाला, “देऊळ छान आहे. पण तिथं कांद्याची चाळ आहे.” तेव्हापासून मी खोटं सांगत नाही.

आता त्यानं समुद्राचा रस्ता आखलाय. पौड, मुळशी, ताम्हिणी, मग माणगावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी दिवेआगर आणि तिथून शेखाडीवरून श्रीवर्धन. तुम्ही दोघं मित्र गेला होतात तोच. उजवीकडे समुद्र इतका जवळ की चाकावर तुषार येतात, असं तो सांगतो. त्या रस्त्याचं नाव काढलं की त्याला झोपसुद्धा छान लागते. फेब्रुवारीतला पहिला शनिवार ठरलाय. चढाची मला भीती नाही, बाळंतपण सोसलेली बाई आहे मी. भीती ताम्हिणीच्या उताराची आहे. तिथं माझ्या पुढं कुणीतरी हवं, आणि ते तुम्ही व्हावं एवढंच विचारायला पत्र लिहायला बसले होते.

पण एवढंच लिहून पाकीट बंद करणं काही बरोबर नाही. मला एक गोष्ट कळलीय, आणि ती कळली हे तुमच्यापासून लपवून तुमच्या मागं सायकल चालवणं मला जमणार नाही.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे हळदीकुंकवाला आले होते. तुम्ही मागच्या दारानं शेतात निघून गेलात, ते मी पाहिलं. बायका पांगल्यावर मी साक्षीला विचारलं, भाऊजींची सायकल कुठंय? ती रडायलाच लागली. म्हणाली, चाकं काढून माळ्यावर टाकलीय. मग म्हणाली की तुम्ही अजून झोपेतून हात झटकत उठता. धरणाच्या त्या उतारावर तुम्ही पुढं होतात, खड्डा तुम्हाला दिसला, तुम्ही तो चुकवला, पण मागून येणाऱ्या कुलदीपला हात खाली करून दाखवला नाही, आणि तो त्यात गेला. तुम्ही तिला एवढं एकदाच सांगितलंत आणि पुन्हा विषय काढू दिला नाहीत. तिच्यावर रागावू नका. एकटीनं किती दिवस ते पोटात ठेवायचं?

घरी येऊन मी भाकरी थापता थापता कुलदीपला विचारलं, त्या दिवशी ज्ञानेशभाऊजींनी हात दाखवला होता का? तो लगेच म्हणाला, “दाखवला होता. मीच बगळे बघत होतो.” किती पटकन म्हणाला. देवळाचं खोटं त्यानं माझं पकडलं होतं, तसंच मला त्याचं कळलं.

खरं सांगते, मला तुमचा राग आला. भयंकर आला. त्या रात्री मी जेवले नाही. वर्षभर मी ज्याची पाठ चोळतेय, ज्याला धरून जिना उतरवतेय, त्याचा पाय एका हाताच्या इशाऱ्यावर वाचला असता. तुम्ही वर्षभर तोंड लपवलंत याचा राग तर त्याहून मोठा. तुम्ही आला असतात तर मी चार शिव्या दिल्या असत्या, मग चहा टाकला असता.

रविवारी मी त्याच उतारावर गेले. कुलदीपनं तो रस्ता आखून दिला नव्हता, त्याला सांगितलंही नाही. वरून सायकल सुटली तसं वारं कानात भरलं, धरणाचं पाणी खाली चकाकत होतं, आणि त्या चकाकीत मी हरवले. खड्डा अगदी जवळ आल्यावर दिसला. आता तो बुजवलाय, पण शेजारी दुसरा झालाय. मी वळवली. भाऊजी, माझे दोन्ही हात ब्रेकवर असे चिकटले होते की एक सोडायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. मागं कुणी असतं तर तोही गेला असता. खाली येऊन रस्त्याच्या कडेला बसले आणि पोटभर रडले. तुमच्यासाठीही रडले. त्यानंतर राग शोधला, पण तो पहिल्यासारखा सापडला नाही.

आता माझ्या मनात काही उरलेलं नाही. सायकल माळ्यावरून काढा, साखळीला तेल द्या. यायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन. तुमच्यावाचून कुलदीप हसतो, पण वात्रटपणा करत नाही. तो मला परत हवाय.

हे पत्र लपवून पाठवणार होते. पण आमच्या घरात खोटं फार दिवस टिकत नाही, म्हणून पाकिटात घालायच्या आधी त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं दोनदा वाचलं. मग पेन मागितलं. खालचं अक्षर त्याचं आहे.

तुमची वहिनी,
तनुजा

ज्ञान्या,

तू हात दाखवला नव्हतास. मी मागंच होतो, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तनूला खोटं सांगितलं, तुलाही तेच सांगितलं असतं, पण तू समोर आलाच नाहीस.

आपल्या सायकलच्या ग्रुपमधले दोघं-तिघं तिला घेऊन जायला तयार आहेत. मी त्यांना नको म्हटलंय. ताम्हिणीच्या उतारावर तिच्या पुढं तूच पाहिजेस. दुसऱ्या कुणाच्या मागं तिला सोडायला माझा जीव होत नाही, भावा.

कुलदीप