भुऱ्याला समुद्राचा गुण यावा म्हणून

॥ श्री मेंगाईमाता प्रसन्न ॥

विंझर,
माघातली एकादशी, सकाळ (चुलीला सुट्टी असल्यानं लिहायला बसले आहे)

चि. सौ. वन्सं शिवानीबाई यांना,

(वयानं धाकट्या म्हणून चिरंजीव आणि नात्यानं मोठ्या म्हणून वन्सं, असं दोन्ही लिहिलं आहे. लागू पडेल ते ठेवून घ्या.) तुमची वहिनी सुलक्षणा हिचा विंझरच्या उंबऱ्यावरून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे, धनाजीरावांची शाळा कशी चालली आहे, समुद्राच्या दमट हवेनं त्यांचे गुडघे धरायचे ते आता बरे आहेत का, ते कळवावं. इकडे मेंगाईच्या कृपेनं सगळं ठीक. म्हैस आटली आहे, तुमच्या दादांचं तोंड मात्र चालू आहे. तुमच्या आई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पहाटे हरिपाठ म्हणतात आणि म्हणता म्हणता मधेच गोठ्यात कोण खोकलं ते विचारतात, म्हणजे त्यांचीही प्रकृती उत्तम आहे.

फोन केला असता, पण आपल्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या पत्र्याजवळ येते आणि नेमकी तिथंच आत्याबाईंनी बाज टाकली आहे. तुमचा फोन आला की त्या म्हणतात, मला काय बोलायचं न्हाई, आणि लगेच म्हणतात, स्पीकर लाव. अशा ठिकाणी मोकळं बोलता येत नाही. शिवाय घरात पाठकोरे कागद साठले होते. (मागच्या बाजूला डेअरीच्या जुन्या पावत्या दिसतील, त्या वाचू नयेत. पाकीटही तुमच्याच लग्नातल्या आहेराचं उलटं करून चिकटवलं आहे.)

तर विषय भुऱ्याचा. लग्नाआधी वेल्ह्याच्या बाजारातून ओढणीत गुंडाळून तुम्ही जे कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि सासरी नेता येईना म्हणून आमच्या गळ्यात बांधलं, ते आता म्हातारं झालं आहे. दिवसभर आत्याबाईंच्या बाजेखाली पडून असतं आणि फक्त रविवारी, खंडोबाचा वार म्हणून पहिली भाकरी त्याला मिळते तेव्हा, तरण्यासारखं उठतं. या थंडीत त्याच्या पाठीवर खाजेचा चट्टा उठला. गुरांचे सरकारी डॉक्टर म्हशीला बघायला आले होते, त्यांनी जाता जाता भुऱ्याकडे नजर टाकली आणि मलम लिहून देऊन म्हणाले, चट्टा मिठाच्या कोमट पाण्यानं धूत जा. एवढं बोलून ते फटफटीवर बसले. आपल्या घरात त्यांनी काय पेरलं याची त्यांना कल्पना नव्हती.

मी चुलीवर पाणी ठेवलं, मूठभर मीठ टाकलं आणि घमेलं घेऊन गेले, तर आत्याबाईंनी हात आडवा धरला. म्हणाल्या, पिशवीतल्या मिठाला गुण नसतो, डॉक्टर म्हणाले ते समुद्राचं पाणी. मी म्हटलं, डॉक्टर मीठ म्हणाले, समुद्र म्हणाले नाहीत. त्यावर त्या म्हणाल्या, मग मीठ येतं कुठनं? मॅट्रिकला भूगोलात मला बरे मार्क होते, पण तिथं असला प्रश्न आला नव्हता. तुमच्या दादांनी सुचवलं की अलिबागला गाडीवाले जात असतात, त्यांच्याकडून कॅनभर पाणी मागवू. तेही चालेना. पाणी आणलं की शिळं होतं. बरं, कुत्रं अलिबागला नेऊ, तर तेही नाही. श्रीवर्धनच्या समुद्रात मीठ जास्त असतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं आहे. कुणी, ते त्या सांगत नाहीत.

श्रीवर्धन, म्हणजे तुमचंच गाव, म्हटल्यावर तुमच्या दादांनी माझ्याकडे बघितलं आणि मी घमेल्याकडे.

भाऊबीजेला जे झालं ते मी उगाळत नाही. (थोडं उगाळते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.) लेकीच्या पदरात मूल पडेस्तोवर आईनं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्याबाईंनी तुमचा उंबरा पाहिला नाही. तुम्ही त्या दिवशी ताट बाजूला सारलंत आणि म्हणालात, "तुला माझ्या घरचं पाणी चालत न्हाई, तर मला बी तुझ्या घरचं नको." चहासुद्धा न घेता एसटीत बसलात. संक्रांतीला आला नाहीत. तुमच्या वाट्याचा तिळगूळ डब्यात आहे, त्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आत्याबाई डबा पाण्याच्या ताटलीत ठेवतात आणि ताटलीतलं पाणी स्वतः बदलतात. तुम्हाला वाटतं त्यांना रीत लेकीपेक्षा मोठी. मलाही तसंच वाटायचं. पण देवघरात त्या देवाशी बोलतात ते पडवीत ऐकू येतं (मी कान देत नाही, तांदूळ निवडत असते). म्हणत होत्या, मी रीत मोडली आणि तिच्या कुशीला बाधलं तर मी कुठं तोंड दाखवू. एवढंच. त्यानंतर त्यांनी आरती नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटली.

तर त्या संध्याकाळी बाजेवर बसून, कुणी काही विचारलेलं नसताना, त्यांनी सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, "म्या काय लेकीकडं चालली न्हाई. म्या कुत्र्यासंगं चालली. आजारी जनावराला औषधाला न्यायचं, त्याला कसली आली रीत? खंडोबाचं वाहान हाये ते." भुऱ्या बाजेखाली झोपला होता. त्याला विचारण्याचा प्रश्न नव्हता.

मग तयारी सुरू झाली. करायचं तर नीट करायचं म्हणून मी डॉक्टरांना गाठलं आणि कुत्र्याला समुद्रावर सुखरूप कसं न्यावं ते विचारलं. त्यांनी पुष्कळ सांगितलं. पिसाळीची लस टोचून कार्ड जवळ ठेवावं. गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर घरचा नंबर असावा. घाट चढायच्या आधी पोटभर खायला घालू नये. दुपारच्या वाळूनं पंजे भाजतात, म्हणून सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर न्यावं. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नये, नवख्या ठिकाणचं पाणीही पोटाला बाधतं, तेव्हा प्यायचं पाणी घरून न्यावं. भरती असेल तेव्हा लांब ठेवावं. समुद्रातून निघाला की गोड्या पाण्यानं धुवावं. हे सगळं मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढी काळजी माझ्या बाळंतपणात कुणी घेतली न्हाई. पण प्रत्येक गोष्ट त्यांनी करवून घेतली. मी लशीचा खर्च जमाखर्चाच्या वहीत कुठल्या सदराखाली घालावा या पेचात होते (गुरं म्हणावं तर तो दूध देत नाही), शेवटी खंडोबाचं नाव घेऊन देवधर्मात घातला.

एसटीत कुत्रं घेईनात. भाटघरचा गेनबा टेम्पो घेऊन महिन्यातून एकदा कोकणात जातो, नारळ आणि सुकट आणायला. जाताना टेम्पो रिकामाच असतो, म्हणून तो फुकट न्यायला तयार झाला. अट एकच, कुत्रं गाडीत घाण करता कामा नये. म्हणून आधी सराव करायचं ठरलं. सरावासाठी गुंजवणी धरणाचा काठ निवडला, कारण पाणी तिथंही आहे आणि गेनबाला तिकडे खताची पोती पोचवायचीच होती.

सरावाचं काय सांगू. भुऱ्याला माझ्या जुन्या नायलॉन साडीच्या काठाचा पट्टा केला होता, त्याला ट्रॅक्टरची जुनी ट्यूब बांधली होती, वर ऊन लागू नये म्हणून आत्याबाईंनी छत्री धरली होती. तो पाण्याच्या कडेपर्यंत गेला, पाण्याचा वास घेतला आणि टेम्पोच्या सावलीत येऊन बसला. तुमचे दादा म्हणाले, जनावराला करून दाखवावं लागतं. त्यांनी धोतर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरून भुऱ्या ये, भुऱ्या ये, असं सुरू केलं. गाळात पाय गेला. दादा बसले. बसले ते छातीपर्यंत बसले आणि खिशात मोबाईल होता. ट्यूब कुत्र्याला बांधलेली, ती सोडायला माझ्याच्यानं गाठ सुटेना, कारण गाठ मीच सुरक्षित मारली होती. शेवटी गेनबानं खताच्या पोत्यांचा दोर टाकून त्यांना ओढलं. त्या गडबडीत एक चप्पल धरणात गेली आणि घशात थोडं धरणही गेलं. आत्याबाई छत्री न हलवता उभ्या होत्या. म्हणाल्या, "गोरख, तू बाहेर ये बाबा, कुत्र्याला ऊन लागतंय." दादांच्या अनवाणी पायाला खडक भाजले, ते गाडीपर्यंत नाचत आले, आणि येऊन पाहतात तो सगळ्यांसाठी नेलेली भाकरी आणि चटणी भुऱ्यानं शांतपणे संपवली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं प्रत्येक संकट आलं, फक्त ते कुत्र्यावर आलं नाही. अपवाद शेवटचा. परतीच्या वळणावर भुऱ्यानं ती भाकरी आत्याबाईंच्या नव्या लुगड्यावर परत केली. आत्याबाई गेनबाला म्हणाल्या, लुगडं माझं हाये, गाडीला काय झालं न्हाई. गेनबानं गाडी पुढं काढली.

त्यानंतर त्यांनी भुऱ्याची पिशवी भरायला घेतली. भुऱ्याचं खाणं म्हणून तिच्यात कुरडया, सांडगे, मेतकूट आणि हातसडीचे तांदूळ आहेत. (भुऱ्यानं उभ्या जन्मात कुरडई खाल्लेली नाही. तुम्ही मात्र कच्च्याही खायचात.) तळाशी हिरव्या बांगड्या आणि हळदीच्या रंगाचा खण आहे. मी विचारलं, कुत्र्याला खण कशाला. तर म्हणाल्या, समुद्राची ओटी भरायची. समुद्राच्या मनगटाला त्या बांगड्या लहान पडतील हे मी बोलले नाही. तिळगुळाचा डबाही आत गेला आहे.

तर महाशिवरात्र झाली की पुढच्या सोमवारी निघायचं, भोरवरून वरंधा घाट उतरून, असं नक्की आहे. मी येणार नाही, म्हशीजवळ कुणी हवं. तुमचे दादा येतील, त्यांना पाण्यापासून लांब ठेवावं. धनाजीरावांना नमस्कार सांगावा. मेंगाई तुम्हाला सुखी ठेवो.

तुमची वहिनी,
सुलक्षणा

ता. क. – वर सगळं नक्की आहे असं लिहिलं, पण ते नक्की नाही. बोलावणं आल्याशिवाय आत्याबाई उंबरा ओलांडणार नाहीत, आणि तुम्ही त्यांना बोलावलंत तर रीत आडवी येईल. म्हणून माझी विनंती एवढीच, की फोन करून तुम्ही भुऱ्याला बोलवावं. त्याचं नाव घेऊन बोलवावं. आईला ये म्हणू नये, भुऱ्याला कधी पाठवतेस असं विचारावं. स्पीकर चालू असेलच. भाऊबीजेचं काही काढू नये. तुमचाही राग मी समजते, पण कुत्र्यावर तर तुमचा राग नाही ना.

ता. क. दुसरा – द्वादशीला सकाळी लिहिते आहे. काल दुपारी डॉक्टर परत आले. सरावाची सगळी हकिकत त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, कुत्रं म्हातारं आहे, चट्टा मलमानंच बरा होत आलाय, त्याला सुखरूप ठेवायचं असेल तर घरी ठेवा. म्हणजे भुऱ्या येत नाही. मला वाटलं संपलं सगळं. आत्याबाई बराच वेळ वाती वळत बसल्या. मग म्हणाल्या, "बोलावणं त्याला येनार. त्याला जमत न्हाई, तर का जमत न्हाई ते सांगाया कुनी जाया नको? तसं बरं दिसतं व्हय?" भरलेली पिशवी खुंटीवर तशीच आहे, रिकामी केलेली नाही. तेव्हा बोलावणं त्याच्याच नावानं यावं. (खर्च मी देवधर्मातून काढून प्रवासात घातला आहे.)

ता. क. तिसरा – हे धनाजीरावांनाही दाखवू नये. भुऱ्यासाठी म्हणून जो पाण्याचा कॅन बांधला होता, तो आत्याबाई अजूनही नेणारच आहेत, स्वतःला प्यायला. तो कॅन मी मुद्दाम तोटी गळणारा निवडला होता, घाट उतरेपर्यंत रिकामा होईल अशा हिशोबानं. पापपुण्याचं मेंगाई बघून घेईल. आज सकाळी भरून पाहत होते, तेवढ्यात त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. खाली ओघळ लागला होता. मी म्हटलं, दुसरा काढते. म्हणाल्या, राहू दे, फक्त पिशवीपासून लांब ठेव, तांदूळ भिजतील. आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता, विचारलं की समुद्राकाठच्या विहिरीचं पाणी गोडं असतं का मचूळ.

मला ठाऊक नाही. तेवढं फोनवर भुऱ्याला सांगा.