आईची खिडकीजवळची जागा

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला धाकटीचा नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? तुझ्या पोटाची चौकशी करत नाही, फोटोत दिसलं.

आई निवृत्त झाली की तिला झकास हॉटेलात ने, असं तू बजावलं होतंस. नेलं बाबा! जन्मभर लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर असलेली आपली आई कडक इस्त्रीची साडी नेसून (आणि पर्समध्ये कापूस घेऊन, सवय जाते का?) खिडकीजवळच्या टेबलाशी राणीसारखी बसली. तेवढ्यात मॅनेजर आला. कुणी बडे साहेब सहकुटुंब येताहेत म्हणे, तुम्ही जरा तिकडे सरका. 'तिकडे' म्हणजे हात धुवायच्या बेसिनपाशी! येणारा-जाणारा आईच्या अंगावर ओले हात झटकायचा. एका बाईंनी तर तिच्याकडे टॉवेल मागितला. वेटर आम्हाला भिंतीचाच भाग समजत होता. शेवटी सूप आलं, तेही गारढोण. तक्रार केली तर मॅनेजर म्हणतो, "घाई असेल तर दुसरीकडे बघा." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं रे. एवढ्या हौसेने तिला आणलं, आणि बसवलं कुठे!

आई सुपाची वाटी घेऊन उठली आणि थेट साहेबांच्या टेबलावर रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. "उठू नका, सावकाश जेवा. जागा आमची होती, पण मावू आपण." साहेबांचा घास घशातच अडकला. त्यांच्या बायकोला सगळा प्रकार कळला, तशी ती आधी नवऱ्यावर उखडली, मग मॅनेजरवर, आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं. त्यानंतर मॅनेजर स्वतः वाढायला! आई साहेबांना म्हणाली, "भाज्या बाजूला काढू नका." (दादा, त्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.) निघताना आई आणि त्या बाई गळ्यात गळे घालून हसत होत्या.

तुझी,
धाकटी

ता. क. : निवृत्त झाल्यापासून आई रोज सकाळी घरातल्या सगळ्यांचा ताप बघते. ताप नसला की जीभ बघते. आमचे 'हे' तर तिची चाहूल लागली की आपणहून आ करतात. तिला थोडे दिवस तुझ्याकडे ने. पत्राचं खरं कारण हेच.

ता. ता. क. : पण ठेवून घेऊ नकोस हं. काल ती नुसती शेजारी गेली होती, तर घर खायला उठलं.