डिकीचं झाकण

प्रिय खारूच्या आई,

पत्राच्या वर दुसरं काही लिहायला हात धजेना. तू भावाकडे गेलीस त्याला सात महिने झाले, तरी माझ्या तोंडी हाक तीच आहे. राग मानू नकोस.

तू म्हणालीस तशी गाडी विकली. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतली. लोकांच्या गाड्या चकचकीत करणाऱ्याची स्वतःची गाडी म्हणजे धुळीचं कोठार, असं शेजारचे काका म्हणायचे ते काही खोटं नव्हतं. म्हणून द्यायच्या आधी ती दुकानात नेऊन अगदी साग्रसंगीत धुतली. एक बादली साबणाची, दुसरी फडकी खळबळायला, हात वरून खाली. एक फडकं जमिनीवर पडलं ते बाजूला टाकलं. खाली पडलेल्या फडक्याला खडे चिकटतात, ते परत गाडीला लावायचं नाही, हे मी खारूला तिच्या खेळण्यातल्या गाडीवर शिकवलं होतं. तेव्हापासून बाईसाहेब खाली पडलेला रुमालही नाकाला लावायच्या नाहीत. तू किती हसायचीस.

मग जुनं वॅक्स उतरवलं आणि चरे बघायला बॅटरी तिरकी धरली. डिकीवर अक्षरं दिसली. 'बाबा लवकर ये.' जागा पुरली नाही म्हणून 'ये' खाली उतरलेला.

आठवतंय? दुसरीत होती ती. डिकीवरच्या धुळीत बोटानं लिहिलं होतं, आणि धूळ म्हणजे बारीक वाळूच, बोटाखाली रंगावर चरे पाडते. मी केवढा ओरडलो तिच्यावर. काय लिहिलंय ते वाचलं, पण बघितले फक्त चरे. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पॉलिश करून ते काढायला अर्धा दिवस गेला असता आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या खोळंबल्या होत्या. म्हणून मी नुसतं वॅक्स भरून बुजवले आणि तुम्हा दोघींना सांगितलं, गेले म्हणून. ते कुठेच गेले नव्हते.

असंच आणखी एक बुजवून ठेवलंय. त्या दुपारी तुझा फोन आला तेव्हा एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर वॅक्स लावून झालं होतं. ते जास्त वाळलं की निघता निघत नाही. एवढं पुसून लगेच निघतो, म्हणालो. आपली गाडी दारात उभी, तुला चालवता येत होती, आणि किल्ली माझ्या खिशात. बसने दुकानात जातानाही मी ती सवयीनं घेऊन जायचो. तू माझ्या शब्दावर विसंबून तापानं फणफणलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसून राहिलीस. मी तासाभरानं पोचलो. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. रस्त्यात गर्दी होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. गर्दी नव्हती. मी अख्खं बॉनेट पुसून, वर पुन्हा एक हात फिरवून निघालो होतो.

परवा पॉलिशचं मशीन हातात घेतलं, पण चालवलं नाही. बोल्ट काढून झाकणच उतरवलं. डॉक्टरीणबाईंना भंगारातून दुसरं आणून बसवून दिलं. रंग जरा फिका आहे, पण मागून कोण बघतंय, म्हणाल्या. आपलं झाकण तिच्या पलंगाशी भिंतीला टेकवून ठेवलंय. तिथे ऊन येत नाही, त्यामुळे वॅक्स लावायला नको. लावलं तर अक्षरं पुन्हा बुजतील. खरं काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे लिहिलं. माफी मागायला तोंड नाही. झाकण जितकं माझं तितकंच तुझं. हवं असेल तर फोन कर, आणून देतो. माझं तोंड बघायचं नसेल तर दाराशी ठेवून परत फिरेन. कधीही कर, हातातलं काम तसंच टाकून निघेन. वॅक्स वाळलं तर वाळलं.

तुझाच,
खारूचा बाबा