पंधरा ऑगस्टची गाठ

२९ जुलै
आज मिलमध्ये पॅकिंगचं मशीन उतरलं. तांदूळ भरतं, तोलतं, पोतं शिवतंसुद्धा. म्हणजे माझ्या दाभणाचं आणि कौतिकाबाईच्या हातांचं काम संपलं. बावीस वर्षं ती पोत्याचं तोंड धरते, मी शिवतो. मुकादम मशीनला हळदकुंकू लावत होता. कौ.बाईनं वाकून पाहिलं. "याचे हात तं लयच गोरे आहेत गा नामा." सगळे हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.
मला दुसरं काम देतो म्हणाले. कौ.बाईचं वय झालं, या ऑगस्टअखेर घरी.

३ ऑगस्ट
युनियनची बैठक, फुलचूरला माझ्याच अंगणात. विषय एकच, यंदा झेंड्याची दोरी कोणाची.
बाबा हमाल होते तेव्हाची गोष्ट. संपात शेठनं गेट बंद ठेवलं आणि तशातच पंधरा ऑगस्ट आला. कामगारांनी बाहेर बांबू रोवून झेंडा लावला, दोरी सगळ्यांत जुन्या हमालाच्या हातात दिली. पुढे समझोता झाला त्यात पहिलं कलम मजुरीचं नव्हतं, हे होतं. मिलचा झेंडा दरवर्षी सगळ्यांत जुना कामगार चढवेल. बाबा म्हणायचे, हा देश आपलाही आहे हे त्या दिवशी शेठला कळलं.
यंदा मस्टरवर सगळ्यांत जुनं नाव कौ.बाईचं. आजवर एकाही रेजाच्या, म्हणजे बाईमजुराच्या, हाती दोरी गेली नाही. बायांची नावं मस्टरवर चढवायलाच युनियनला किती वर्षं भांडावं लागलं! एकमतानं ठरलं.
कौ.बाई : "मी नाही ओढत. लुगडं कोनतं नेसू?" एका दमात दोन्ही.

९ ऑगस्ट
छोट्या शेठनी केबिनमध्ये बोलावलं. तिरंगा रॅली गोंदियातून निघून आपल्या मिलमध्ये संपणार. नेते येणार, मशीनचं उद्घाटन करणार, झेंडाही तेच चढवणार. मी कलमाची आठवण दिली. "नामदेवजी, देश का काम है, इसमें यूनियन मत लाओ." मी म्हटलं, देश का काम है इसीलिए तो… एवढंच. युनियनचा सेक्रेटरी म्हणे मी!
माणूस वाईट नाही. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा स्वतः येऊन बसला होता. "मेरी भी मजबूरी समझो," म्हणाला. मी मान हलवली. तो तिला होकार समजला.

११ ऑगस्ट
तरणी पोरं म्हणतात गेट अडवू. मी नको म्हटलं. पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या आड आले, असं कोणी म्हटलं तर? आजकाल म्हणायला वेळ लागत नाही. एक जण तोंडावर बोलला, "काका, तुम्ही भिऊन राहिले." खरं आहे. भ्यालो.
कौ.बाईला सांगायला तिच्या घरी गेलो. ती विहिरीवर, बादलीचा दोर झटका देऊन ओढून पाहत होती. सराव! चहा पिऊन परत आलो. नाही सांगता आलं.

१४ ऑगस्ट
तिनंच विचारलं. "काऊन गा नामा, मले कायले लपवून राहिला? सारी मिल सांगून राहिली." तीच समजूत घालते मला! "जाऊ दे. झेंडा तं आपलाच आहे ना."
पदरातून झेंडूच्या पाकळ्या आणल्या होत्या तिनं. दरवर्षीसारखा झेंडा मीच बांधला. घडीत पाकळ्या घालताना तिच्याकडे पाहवलं नाही.

१५ ऑगस्ट
हे नीट लिहून ठेवतो.
रॅली आली, घोषणा झाल्या. नेत्यांनी दोरी ओढली. झेंडा उघडेना. पुन्हा ओढली. मी वर पाहिलं. गाठ पोत्याची पडली होती. झेंड्याची गाठ झटक्यानं सुटते, पोत्याची ओढली की आवळते. नेते लाल झाले. फोटोवाले थांबेनात.
रेजांच्या रांगेतून कौ.बाई निघाली. "ओढू नोका साहेब, आवळते थे." दोर सैल सोडून झेंडा छातीपर्यंत खाली घेतला, पदरावर झेलला, आणि घट्ट सुतळी आम्ही सोडतो तशी गाठ दातांनी सोडली. पाकळ्या तिच्याच अंगावर पडल्या. मग नेत्यांकडे न पाहता तिनं झेंडा हळूहळू वरपर्यंत नेला. राष्ट्रगीत आधी बायांनीच सुरू केलं.
रडलो मी. उघड रडलो.

१६ ऑगस्ट
सकाळपासून मोबाईलवर व्हिडिओ फिरतोय. झेंड्याच्या दोरीला तोंड लावलं म्हणे. युनियननं मुद्दाम अपमान केला म्हणे. पदरावर झेललेला कोणाला दिसला नाही.
छोट्या शेठचा चेहरा उतरलेला. "किसने बाँधा, लिख के दे दो. मुझे भी जवाब देना है." मी तोंड उघडायच्या आत मागून कौ.बाई बोलली, "म्या बांधला."
बाहेर येऊन भांडलो तिच्याशी. खोटं का बोललीस? "मी तं या महिन्यात जाऊनच राहिली गा. मले काय करतीन? तुले अजून नोकरी करा लागते."

१७ ऑगस्ट
आज रविवार. कागद उद्या सोमवारी दहाला द्यायचा. तिचं नाव जाऊ देणार नाही, एवढं पक्कं. लिहिलं :
झेंडा मी, नामदेव, यानं बांधला. गाठ हाताच्या सवयीनं पडली.
पहिलं वाक्य खरं. दुसऱ्याशी अडलो. सवय तर बावीस वर्षांची, मग आजवरच्या प्रत्येक पंधरा ऑगस्टला गाठ बरोबर कशी पडली? चौदाच्या संध्याकाळी दोर हातात असताना मी क्षणभर थांबलो होतो. कौ.बाई समोर पाकळ्या वेचत होती. एवढं आठवतं. कशासाठी थांबलो ते…
दुसरं वाक्य खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं.